औषधाचे दुकान आणि ७२ तास

वाचकहो, शनिवारची रात्र आहे असे क्षणभर समजा. घरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यांच्या देखभालीसाठी ठेवलेल्या मावशी इन्सुलिनचे इंजेक्शन देतात, सुईवर टोपण परत बसवू पाहतात आणि तीच सुई त्यांच्या बोटात शिरते. रक्ताचा एक थेंब दिसतो. आजोबांची एचआयव्ही चाचणी कधी झाली होती का, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. मावशी काही बोलत नाहीत; पदराला बोट पुसून त्या पुढच्या कामाला लागतात. घरातली मंडळीही ‘सोमवारी डॉक्टरांना विचारू’ असे म्हणून झोपी जातात.

अशा प्रसंगी सोमवार फार दूर असतो. एचआयव्हीबाधित रक्ताचा संपर्क झाला असण्याची शक्यता असेल, तर संसर्ग रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यानंतर ती दिल्याने लाभ होत नाही, असे मानले जाते. एकदा सुरू केली की ती २८ दिवस न चुकता घ्यायची असतात. या उपचाराला ‘पेप’ म्हणतात. संपर्कानंतरचे संरक्षण, असा त्याचा सरळ अर्थ. मावशींना असलेला धोका मुळात लहान आहे. रुग्ण निश्चितपणे बाधित असला, तरी सुई टोचून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन इतकीच असते. पण हे गणित मांडणारा आणि वेळेत गोळी हाती देणारा माणूस शनिवारी रात्री कुठे भेटतो, हाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे. त्या वेळी गल्लीत एकच दिवा लागलेला असतो. तो औषधाच्या दुकानाचा.

एचआयव्हीचा विषय या सदरात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो तरुणांचा, ट्रकचालकांचा, ‘तसल्या’ वस्त्यांचा रोग आहे अशी समजूत आपल्या पिढीने १९८६ पासून, म्हणजे चेन्नईत देशातील पहिले बाधित रुग्ण आढळले तेव्हापासून, जपून ठेवली आहे. ती आता टाकून द्यावी. अमेरिकेत निदान झालेल्या एचआयव्हीबाधितांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. औषधांमुळे माणसे जगली आणि वृद्ध झाली, हे त्याचे आनंदाचे कारण. दुसरे कारण तितके सुखद नाही. उतारवयातही नवे संसर्ग होतात आणि ते उशिरा ध्यानात येतात. वजन घटले, थकवा आला, वारंवार ताप येऊ लागला, की आपण आणि आपले डॉक्टरही ‘वयाचा परिणाम’ म्हणून मोकळे होतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्यामुळे स्त्रीला संसर्ग होण्याचा धोका वाढतो. आणि गर्भधारणेची भीती उरलेली नसल्याने निरोधाचा विचारही मनात येत नाही. वैधव्यानंतर किंवा पत्नीच्या निधनानंतर नव्याने सोबत शोधणारी माणसे आपल्या समाजात आहेत. त्यांच्याविषयी कुजबुज करण्याखेरीज आपण त्यांना काय देतो, याचाही एकदा विचार व्हावा.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या पंचवीस लाखांच्या आसपास आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातच आहे. त्यांपैकी कित्येकांच्या घरी सांभाळ करणारे हात आजी-आजोबांचे आहेत. म्हणून हा विषय आपला आहे.

आता दुसरे संरक्षण. संपर्क होण्यापूर्वीच रोज घ्यावयाच्या गोळीला ‘प्रेप’ म्हणतात. तिच्यात सामान्यतः टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये या वापराला मान्यता दिली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. जोडीदार बाधित आहे आणि त्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण अद्याप आटोक्यात आलेले नाही, अशा व्यक्तीला ती उपयोगी पडते. गोळी नियमित घेतली तर संरक्षण फार चांगले मिळते. अडचण औषधात नाही. ते ज्या दारातून मिळते, त्या दारात आहे.

केनियाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. तेथील सरकारने २०१७ पासून प्रेप सरकारी दवाखान्यांतून मोफत देण्यास प्रारंभ केला. मोफत औषध, प्रशिक्षित कर्मचारी, सगळे होते. तरीही ज्यांना गरज होती त्यांतील पुष्कळ जण तिकडे फिरकले नाहीत. कारण समजण्यास कठीण नाही. प्रेप मिळण्याची जागा बहुधा तीच होती, जेथे बाधितांना उपचाराच्या गोळ्या मिळत. त्या बाकावर बसलेले कोणी पाहिले, तर निरोगी माणसावरही शिक्का बसणार. शिवाय रांग, कामाचा बुडालेला दिवस, आणि ‘तुम्हाला हे कशाला हवे’ असे विचारणारी नजर. तीच माणसे तातडीची गर्भनिरोधक गोळी, गुप्तरोगावरचे औषध किंवा मलेरियाची तपासणी यांसाठी मात्र कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात निःसंकोच जात होती. तेथे कोणी नाव विचारीत नाही आणि दुकानातून बाहेर पडणारा माणूस खोकल्याचे औषध घेऊन निघाला की आणखी काही, हे रस्त्याला कळत नाही.

हे ओळखून केनियातील संशोधकांनी २०२० च्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे किसुमू आणि नैरोबीजवळचे थिका या भागांतील बारा खासगी औषध दुकानांत एक प्रयोग मांडला. दुकानातील औषधतज्ज्ञांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्या हाती प्रश्नांची एक तपासयादी होती: धोका कोणता, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार आहे का, अलीकडे ताप, पुरळ, घशाला सूज अशी नव्या संसर्गाची लक्षणे दिसली का. मग दुकानातच एचआयव्ही चाचणी. ती नकारार्थी आली आणि यादीत काही खटकले नाही, तर गोळ्या तेथेच मिळत. शंका आलीच तर दूरध्वनीवर डॉक्टर उपलब्ध असत. प्रत्येक भेटीचे ग्राहकाकडून तीनशे केनियन शिलिंग घेतले जात. तिकडच्या मानाने ही रक्कम अगदीच क्षुल्लक नव्हे. तरीही शेकडो लोक आले. त्यांच्यातले कितीतरी जण सरकारी दवाखान्याची पायरी कधी चढलेच नव्हते.

चाचणीचा आग्रह का, हे येथे नीट समजून घ्यावे. कारण या सगळ्या व्यवस्थेची गाठ तिथेच आहे. प्रेपमधील दोन औषधे संसर्ग अडवू शकतात, पण आधीच शरीरात शिरलेल्या विषाणूला आवरण्यास ती पुरी पडत नाहीत. ज्याला संसर्ग झालेला आहे अशाने नकळत प्रेप सुरू केले, तर विषाणू त्या औषधांना सरावतो आणि पुढे उपचारासाठी तीच औषधे निकामी ठरू शकतात. अर्धवट घेतलेल्या क्षयरोगाच्या औषधांनी काय केले, हे आपण पाहिले आहेच. त्यात भर अशी की, संसर्गानंतर पहिले काही आठवडे साध्या झटपट चाचणीत तो दिसतही नाही. म्हणून सुरुवातीला चाचणी, आणि नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. गोळी विकणे हे यातले सर्वांत सोपे काम. विचारणे, तपासणे आणि तीन महिन्यांनी माणसाला परत बोलावणे हे खरे काम.

केनियाच्या प्रयोगाचे गोडवे गाऊन थांबणे मात्र योग्य होणार नाही. गोळ्या सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या महिन्यात परतले नाहीत. सरकारी दवाखान्यांतही चित्र फारसे निराळे नव्हते, एवढेच समाधान. पुढे त्याच प्रदेशात झालेल्या अधिक मोठ्या अभ्यासात पैशाचा प्रश्न स्पष्टपणे समोर आला. दुकानात प्रेप मोफत दिले तेव्हा सुरू करणारे पुष्कळ निघाले; शुल्क लावले की संख्या घसरली; आणि ‘सरकारी दवाखान्यात जा’ अशी चिठ्ठी देऊन बोळवण केली, तेथे औषध सुरू करणारे नगण्य राहिले. हा शेवटचा मुद्दा आपण विशेष ध्यानात घ्यावा असे मला वाटते. आपल्याकडील कित्येक आरोग्य योजना चिठ्ठी देऊन पुढे पाठवण्यावरच थांबतात आणि कागदोपत्री यशस्वी ठरतात.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न न्यायालयात गेला. तेथील औषधव्यवसाय परिषदेने २०२१ मध्ये, अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या औषधतज्ज्ञांना एचआयव्हीची चाचणी करून प्रेप, पेप आणि प्राथमिक उपचारही सुरू करता यावेत, अशी योजना काढली. खासगी डॉक्टरांच्या एका संघटनेने तिला आव्हान दिले. औषधतज्ज्ञांनी डॉक्टरांच्या क्षेत्रात शिरू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित ज्या देशात आहेत, तेथे हद्दीच्या वादात दोन वर्षे गेली. डॉक्टरांची शंका सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. संसर्ग जुना झाला असेल, सोबत क्षयरोग असेल, तर ते दुकानाच्या फळीवर ओळखता येत नाही. पण निरोगी माणसाला निरोगी ठेवण्याचे काम त्या तोडीचे गुंतागुंतीचे नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील सिएटल शहरात एका औषध दुकानाने २०१५ मध्येच ही वाट धरली होती. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ यांनी लेखी करार करून औषधतज्ज्ञाने ठराविक उपचार स्वतः सुरू करण्याची सोय जुनी आहे. तिचा उपयोग करून तेथील औषधतज्ज्ञ रुग्णाचा इतिहास घेत, रक्त तपासणीस पाठवत आणि त्याच दिवशी गोळ्या देत. पहिल्या तीन वर्षांत सुमारे सातशे जणांनी तेथे प्रेप सुरू केले आणि त्यांच्यात एकालाही संसर्ग झाल्याचे आढळले नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून असा करार नसतानाही औषधतज्ज्ञाला साठ दिवसांपर्यंतचे प्रेप, तसेच पेप देण्याची मुभा दिली. अट अशी की एचआयव्ही चाचणी गेल्या सात दिवसांतील हवी. कायद्याचे कौतुक झाले, पण प्रत्यक्षात मोजक्याच दुकानांनी ही सेवा सुरू केली. औषधतज्ज्ञाने अर्धा तास बोलण्यात घालवला, तर त्या वेळेचे मोल कोण देणार, याची तजवीज कायद्यात धड नव्हती. २०२४ मध्ये तो सुधारून मुदत नव्वद दिवसांवर नेली आणि मोबदल्याचीही सोय करावी लागली. मुभा देणे आणि मोबदला देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. किराणा दुकान चालवलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही.

आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना हे सारे अगदीच परके वाटू नये. लाल त्रिकोण आठवतो ना? १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, तेव्हा तो केवळ दवाखान्यांतून वाटला नाही. चहा, साबण, बॅटरी आणि सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणाच्या जाळ्यातून तो वाण्याच्या आणि पानवाल्याच्या दुकानापर्यंत पोहोचवला. तीनांचे पाकीट पंधरा पैशांना मिळे. लोकांनी नाके मुरडली, विनोद केले, पण वस्तू कोपऱ्यावर मिळू लागली. संकोचाची गोष्ट जितक्या साध्या जागी ठेवावी तितकी ती लवकर खपते, हे आपल्या देशाने केनियाच्या कितीतरी आधी करून पाहिलेले आहे. आणि औषधांच्या बाबतीतही आफ्रिकेशी आपले नाते जुने आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देऊ केला. तोवर त्याच उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक मोजावे लागत. आज आफ्रिकेत पोहोचणारी एचआयव्हीची औषधे मोठ्या प्रमाणावर भारतीय कारखान्यांतूनच जातात.

मग आपल्याकडे काय? प्रेपविषयी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नाको’ने, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्याआधी कोलकाता आणि म्हैसूर येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर त्याचे प्रायोगिक प्रकल्पही झाले. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही औषधे मिळू शकतात. चिठ्ठीशिवाय ती देण्याचा अधिकार आपल्या औषधतज्ज्ञाला नाही आणि आजच्या परिस्थितीत तो सरसकट द्यावा असे मलाही वाटत नाही. कारण आपण सगळेच जाणतो. पुष्कळ दुकानांत नोंदणीकृत औषधतज्ज्ञाचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि फळीमागे दुसराच कोणी उभा असतो. प्रतिजैविकांच्या दोन-दोन गोळ्या कापून देण्याची सवय अजून गेलेली नाही. जेथे चाचणीवाचून गोळी दिली जाईल, तेथे प्रेप उपकारापेक्षा अपकारच अधिक करील.

तरीही वाट बंद समजू नये. क्षयरोगाच्या बाबतीत याच दुकानांना आपण कामाला लावले आहे. २०१४ पासून क्षयरोगाची औषधे ‘एच-१’ या परिशिष्टात आली आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. २०१८ पासून अशा रुग्णांची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवण्याची जबाबदारीही औषधविक्रेत्यांवर आली. ज्याच्यावर नोंद ठेवण्याचा भार टाकता येतो, त्याला प्रशिक्षण देऊन चाचणीचा आणि समुपदेशनाचा मानही देता येईल. प्रारंभ निवडक दुकानांपासून व्हावा: जेथे औषधतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर असतो, फळीच्या बाजूला पडदा लावून दोघांना बसता येईल इतकी जागा असते आणि जवळच्या शासकीय रुग्णालयाशी दूरध्वनीचा संबंध जोडलेला असतो. निदान पेपच्या पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या अशा दुकानात ठेवाव्यात आणि डॉक्टरांशी फोनवर बोलून लगेच सुरू करता याव्यात, एवढी मागणी तरी रास्त आहे. शनिवारच्या रात्रीचा प्रश्न त्याने सुटेल.

गुप्ततेची काळजी मात्र मला खरी वाटते. केनियातील शहरी दुकानात ग्राहक अनोळखी असतो. आपल्या सोसायटीखालचा ‘मेडिकलवाला’ आपल्याला आजोबांच्या वेळेपासून ओळखतो. कोणाला कोणती गोळी लागते ते त्याला तोंडपाठ असते. हीच त्याची मोठी उपयुक्तता आणि हीच अडचण. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि एखाद्याच्या बाधित असण्याची माहिती त्याच्या अनुमतीविना उघड करता येत नाही. तो कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचला पाहिजे. तोवर ज्यांना ओळखीच्या दुकानात संकोच वाटतो, त्यांनी दोन गल्ल्या ओलांडून जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपल्या वयाच्या लोकांसाठी औषधतज्ज्ञाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आज, कोणताही कायदा न बदलता मिळू शकतो. पेपमध्ये आणि नेहमीच्या उपचारातही हल्ली डोल्युटेग्राविर हे औषध असते. आम्लपित्तावरची अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधे, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर ते घेतले, तर शरीरात पुरेसे शोषले जात नाही. म्हणून ते या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. हाडांसाठी कॅल्शियम घेत नाही अशी आजी आज कुठल्या घरात आहे? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर डोल्युटेग्राविरमुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते आणि दिवसाची मात्रा सहसा एक हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते. टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर पडतो. त्यात गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या, तर धोका वाढतो. पन्नाशीनंतर प्रेप घ्यावयाचे असल्यास आधी क्रिएटिनिनची तपासणी करावी आणि पुढेही ठराविक काळाने करीत राहावे. हिपॅटायटिस-बी असलेल्याने टेनोफोविर अचानक बंद केले, तर यकृताचा विकार उसळू शकतो. एचआयव्हीचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, हाडांचे वेगळे. या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच हाती पडतात त्या दुकानात. त्या माणसाला सर्व औषधांची यादी दाखवून ‘यांतले काय कशाबरोबर चालत नाही?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पुढचा बदलही दूर नाही. लेनाकापाविर नावाचे औषध वर्षातून दोनदा त्वचेखाली टोचले की पुरते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथे २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच वेळी त्यासाठी साध्या झटपट चाचण्या चालतील असे सांगून औषध दुकानांतून ही सेवा देण्याचा मार्गही मोकळा केला. हैदराबादच्या दोन कंपन्या ते २०२७ पासून वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास देणार असल्याचे जाहीर झाले आहे. तो दर अनेक गरीब देशांसाठी आहे. रोज गोळी लपवून ठेवावी लागणाऱ्या स्त्रीला सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या सुईचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तोवर घरातले काम आपण करू शकतो. सुई टोचली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर ब्लीच किंवा जहाल जंतुनाशक ओतू नये. मग वेळ लिहून ठेवावी आणि जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात लगेच जावे. तेथे पेपची औषधे ठेवलेली असतात. ज्यांना सुई टोचली त्या मावशी असोत, मुलगी असो वा सून, त्यांच्यासोबत घरातले कोणी तरी जावे आणि रिक्षाचे पैसे घरानेच द्यावेत. आजोबांची चाचणी करावयाची, तर त्यांची संमती घेऊन. त्याच वेळी हिपॅटायटिस-बीचा विषयही काढावा, कारण सुईतून तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि त्याची लस उपलब्ध आहे. देखभालीसाठी येणाऱ्या व्यक्तीने ती घेतली आहे का, हे कामावर ठेवतानाच विचारावे. घेतली नसेल तर खर्च आपण करावा. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावू नये. जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या बरणीत ती थेट टाकावी. आणि साखर तपासताना पती-पत्नी दोघेही एकच टोचणी वापरत असाल, तर ती सवय आजच मोडावी. चाळीस वर्षांच्या संसारात सगळे वाटून घेतले असले, तरी ही एक वस्तू ज्याची त्याने वेगळी ठेवावी.

एचआयव्हीची चाचणी शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते. ‘नाको’चा १०९७ हा मदत क्रमांकही विनाशुल्क आहे, त्यावर नाव न सांगता बोलता येते. आपल्या नेहमीच्या औषध दुकानात पुढच्या वेळी महिन्याची औषधे आणायला जाल, तेव्हा एवढेच विचारून पाहावे: रात्री सुई टोचली तर तुम्ही मला कोणत्या रुग्णालयात पाठवाल? उत्तर लगेच मिळाले, तर ते आपल्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. मिळाले नाही, तर हा अंक त्या दुकानदाराला वाचायला द्या.